लो-प्रोफाइल टायर : हाताने चढवणे व उतरवणे

मोटारीचा कमी उंचीच्या बाजूंचा टायर विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राशिवाय रिमवर बसवण्याची आणि रिमवरून काढण्याची क्रिया. काठ उचकटण्याची टामी, टायर सोडवण्याची हातचलित घोडी, साबणाचे पाणी आणि हवेचा कॉम्प्रेसर एवढ्या साधनांवर हे काम घरीही करता येते. मात्र त्यात ताकदीपेक्षा रिमच्या रचनेची जाण अधिक उपयोगी पडते.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे आणि आता गोदामांचे शहर आहे. मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे या पट्ट्यातील गोदामांची मालवाहतूक आणि मुंबई–आग्रा महामार्गावरील वर्दळ यांमुळे टायरचे हातकाम येथे रोजचेच आहे. येथील कारागिरांचा हात ट्रकच्या टायरवर बसलेला असतो. लो-प्रोफाइल टायरला तो लावताना सवयी बदलाव्या लागतात.

मापे. मोटारीच्या टायरवर 205/55 आर 16 असे आकडे कोरलेले असतात. 205 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, 55 ही बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते दाखवणारी संख्या, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि 16 हा रिमचा इंचांतील व्यास. या टायरची बाजू सुमारे 113 मिमी उंच भरते. 225/40 आर 18 या मापात ती अवघी 90 मिमी राहते. दोन्ही चाकांचा एकूण व्यास मात्र जवळपास सारखाच, अनुक्रमे सुमारे 632 व 637 मिमी असतो. रिम जितकी वाढते तितके रबर कमी होते. 50 व त्याखालील टक्केवारीचे टायर सामान्यतः लो-प्रोफाइल मानले जातात. 55 टक्क्यांचे टायर सीमारेषेवर येतात, पण हाताने चढवताना त्यांचा कडकपणाही जाणवतो.

पूर्वपीठिका. जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. फ्रान्समधील मिशलँ कंपनीने 1946 मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि रुंद, बसक्या टायरचा मार्ग मोकळा झाला. इटलीच्या पिरेली कंपनीचा पी-7 हा 1970 च्या दशकात शर्यतींच्या मोटारींसाठी पुढे आलेला टायर या प्रकारातील आरंभीच्या टायरांपैकी एक. भारतात अँबॅसडरला 5.90-15 आणि मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला 5.20-14 या मापाचे ट्यूबचे टायर असत. त्यांच्या बाजूंची उंची रुंदीच्या जवळपास बरोबरीची होती. अशा उंच, लवचीक बाजू टामीने सहज वाकत. रस्त्याच्या कडेला बसून त्या काढण्या-घालण्यात कुणाला नवल वाटत नसे. आज फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियासारख्या सेडानच्या 205/55 आर 16 टायरला ती लवचीकता नसते.

रिमची रचना. टायरच्या आतील काठात पोलादी तारांचे कडे असते. दुकानांत या काठाला बीड म्हणतात. हे कडे ताणले जात नाही. 16 इंची रिमवर काठ जिथे बसतो तिथला व्यास सुमारे 406 मिमी असतो. बाहेरची कडा मात्र त्याहून सुमारे 17 मिमी उंच असते. म्हणजे 406 मिमीच्या न ताणणाऱ्या कड्याने सुमारे 440 मिमी व्यासाची कडा ओलांडायची असते. हे शक्य होते ते रिमच्या मधल्या खोलगट भागामुळे. काठाची एक बाजू या खोलगट भागात उतरली, की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि काठ कडेवरून जातो. हाताने टायर चढवण्याचे सगळे कसब या एका गोष्टीवर उभे आहे.

ट्यूबलेस रिमवर खोलगट भाग आणि काठाची बैठक यांच्यामध्ये एक उंचवटा असतो. वळणावर हवा कमी असली तरी काठ आत घसरू नये, यासाठी तो ठेवलेला असतो. टायर काढताना हाच उंचवटा आडवा येतो.

ट्रकचे काम आणि मोटारीचे काम. 10.00-20 मापाच्या ट्यूबच्या ट्रक-टायरची रिम अनेक तुकड्यांची असते. टायर रिमवर सरळ सरकवतात आणि बाजूची कडी व लॉक-रिंग हातोड्याने ठोकून बसवतात. पहार, घण आणि अंगमेहनत हीच तिथली हत्यारे. नीट न बसलेली रिंग हवा भरताना उडून माणूस दगावू शकतो, म्हणून जाणते कारागीर चाक पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरतात. ट्यूबलेस ट्रक-टायर, उदाहरणार्थ 295/80 आर 22.5, एकसंध खोलगट रिमवर बसतात. त्यांचे तत्त्व मोटारीसारखेच आहे. मोटारीच्या अलॉय रिमवर मात्र घणाचा एक चुकार घाव पुरतो. कडेला टवका उडतो, पोचा येतो किंवा बारीक चीर पडते आणि हवा हळूहळू उतरू लागते.

साधने. जमिनीला बोल्टने जखडलेली हातचलित घोडी, निदान दोन लांब टामी, रिमच्या कडेवर अडकवायचे प्लॅस्टिकचे संरक्षक तुकडे, व्हॉल्व्हचा गाभा काढण्याची चावी, साबणाचा दाट फेस, टाकी असलेला कॉम्प्रेसर आणि दाबमापक एवढे लागते. टामीचे टोक गोलसर व गुळगुळीत हवे. अलॉयसाठी नायलॉनचे टोक उत्तम. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा डिझेल काठाला लावू नये. ते रबर खराब करते, वाळत नाही आणि जोरात ब्रेक लागल्यावर टायर रिमवर घसरू शकतो.

उतरवणे. व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडतात. घोडीचा पंजा रिमच्या कडेलगत टायरवर टेकवून काठ उंचवट्यापलीकडे दाबतात आणि चाक थोडे थोडे फिरवत दोन्ही बाजू सोडवतात. घोडी नसेल तेव्हा टायरवर जॅक ठेवून तो गाडीच्या चेसिसखाली लावण्याची युक्ती रस्त्याकडेला दिसते. गाडी घसरली तर ती जीवावर बेतते. घरी हा उद्योग करू नये. व्हॉल्व्हला हवेच्या दाबाचा सेन्सर जोडलेला असल्यास त्याच्याजवळ पंजा किंवा टामी नेऊ नये.

रिमचा खोलगट भाग ज्या बाजूला जवळ असतो, ती बाजू वर ठेवून काम करतात. बहुतेक अलॉय रिममध्ये ती दर्शनी बाजू असते. काठाला फेस लावून एका बाजूला गुडघ्याने तो खोलगट भागात दाबून धरतात आणि समोरून टामीने थोडा थोडा वर घेतात.

चढवणे. आधी टायर तपासतात. दिशा असलेल्या नक्षीवर फिरण्याचा बाण असतो. विषम नक्षीच्या टायरवर बाहेरची बाजू लिहिलेली असते. पिवळा ठिपका टायरची हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हलगत ठेवतात. निर्मितीच्या सांकेतिक अंकांतील शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. कडक टायर थोडा वेळ उन्हात ठेवल्यास मऊ पडतो.

रिमची बैठक घासून स्वच्छ करतात आणि व्हॉल्व्ह नवा घालतात. पहिला काठ तिरका धरून अंगाच्या भाराने दाबला की बहुधा टामीविना उतरतो. दुसरा काठ हे खरे काम. एका जागी तो खोलगट भागात घालून गुडघ्याने दाबून धरतात; तिथून दोन्ही बाजूंनी टामीने एकावेळी 5 ते 7 सेंमी एवढाच घास घेत पुढे सरकतात. शेवटचा वीतभर भाग ताठ होतो आणि टामी जागेवर थिजते. तिथे जोर वाढवणे चूक आहे. समोर पाहिले तर काठ खोलगट भागातून वर सरकून बैठकीवर चढलेला दिसतो. तो पुन्हा खाली दाबला, फेसाचा हात फिरवला, की तोच भाग माफक जोराने आत जातो. जबरदस्ती केल्यास काठातील तारा वाकतात किंवा तुटतात. हे नुकसान बाहेरून दिसत नाही आणि असा टायर पुढे कधीही दगा देतो. सेन्सर असलेल्या चाकात शेवटचा ताण सेन्सरवर येणार नाही अशी सुरुवातीची जागा निवडतात.

हवा भरणे. व्हॉल्व्हचा गाभा काढलेला ठेवून कॉम्प्रेसरने एकदम हवा सोडतात. काठ उंचवटा ओलांडून बैठकीवर जाताना दोनदा मोठा ‘ठप्प’ आवाज होतो. गाडीच्या लायटर सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या पंपाला हवेचा हा झोत बहुधा जमत नाही. काठ बसवताना दाब 40 पीएसआयच्या वर नेऊ नये. तेवढ्यात काठ न बसल्यास हवा सोडून पुन्हा फेस लावावा. लांब नळी आणि अडकवता येणारे टोक वापरून चाकापासून बाजूला उभे राहावे. टायरमध्ये पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा पेटवून काठ बसवण्याचा प्रकार प्राणघातक आहे. काठालगत टायरवर असलेली बारीक रेषा रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली, म्हणजे काठ नीट बसला. मग गाभा घालून गाडीवर लिहिलेला दाब भरतात आणि काठ व व्हॉल्व्हवर फेस लावून बुडबुडे पाहतात.

हातकामाची मर्यादा. 55 टक्क्यांचे 15 व 16 इंची टायर घरी, सावकाशीने चढवता येतात. 45 व त्याखालील 17–18 इंची टायर कसलेल्या हातालाही दमवतात आणि रिम ओरखडण्याचा धोका वाढतो. हवा गेल्यावरही चालणाऱ्या रन-फ्लॅट टायरच्या बाजू इतक्या जाड असतात, की ते हाताने करण्याचे काम नाही. त्यांना मदतीचा हात असलेले यंत्रच लागते. संतुलन करणेही हाताबाहेरचे आहे. काही ग्रॅमचा फरक राहिला तरी वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरते. म्हणून घरी चढवलेले प्रत्येक चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर नेऊन वजने लावून घ्यावीत. चाकाचे नट गाडीच्या पुस्तिकेतील जोरानेच, आळीपाळीने समोरासमोरचे आवळावेत आणि थोडे अंतर धावल्यावर पुन्हा तपासावेत.

रस्ते आणि नियम. कमी उंचीची बाजू खड्ड्याचा धक्का पचवू शकत नाही; तो थेट रिमवर जातो. खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या भिवंडी–वाडा–मनोर रस्त्यावर पावसाळ्यात रिमला पोचा आणि टायरला फुगा येणे ही अशा टायरची ठरलेली दुखणी. फुगा म्हणजे आतील धागे तुटल्याची खूण. असा टायर दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो.

दुसरीकडे, नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यात आहे. या मार्गावर मोटारींना सपाट भागात ताशी 120 किमीपर्यंत वेगमर्यादा आहे. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने महामार्गावर टायर तपासणी सुरू केली आणि नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या रोखल्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिमी खोल हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्हही बंधनकारक आहे.

गावातल्या वेगात खपून जाणारी बसवणीची चूक 120 च्या वेगात खपत नाही. घरी टायर चढवणाऱ्याने काठाची रेषा सारखी न दिसल्यास, बुडबुडे आल्यास किंवा टामीखाली काठ कचकल्याची शंका आल्यास ते चाक गाडीला न लावता दुकानात दाखवावे.