वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर आणि त्याचा परवाना

भारतातल्या जुन्या घराण्यांत आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले रिव्हॉल्व्हर असेल, तर ते विलायती असण्याचीच शक्यता अधिक. त्यातही बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे नाव सर्वांत परिचित. वेब्लीच्या आधीची गोष्ट अशी: सॅम्युएल कोल्टने अमेरिकेत १८३६ मध्ये फिरत्या सिलिंडरच्या हत्याराचे पेटंट घेतले आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ते मांडले. त्याच वर्षी रॉबर्ट ॲडम्सने इंग्लंडमध्ये आपले रिव्हॉल्व्हर आणले. कोल्टचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे. ॲडम्सचे नुसता चाप ओढला की चाले. ब्रिटिश अधिकारी कमरेचे हत्यार बहुधा स्वतःच्या पैशाने विकत घेत. त्यामुळे ते सरकारजमा न होता घरी जाई आणि पुढे मुलाकडे येई. वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हरची प्रथा रुजण्यामागे हे साधे कारण आहे.

ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्लीचे .४५५ बोअरचे (नळीच्या व्यासाचे) रिव्हॉल्व्हर स्वीकारले. त्याची नळी बिजागरीवर खाली झुकते आणि त्यासरशी सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्याची सहावी आवृत्ती निघाली. हे हत्यार जड आणि ओबडधोबड होते. पण चिखलात पडले तरी चालेल, असा त्याचा लौकिक होता.

अशा हत्याराचा इतिहास घरातल्या आख्यायिकांपेक्षा त्याच्या अंगावर जास्त विश्वासाने वाचता येतो. बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहात जादा दारूचा बार काढून नळी पारखली जाई आणि मगच तिच्यावर मुकुटासह अक्षरांचा शिक्का उमटे. रुंद फाळाच्या बाणाची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून कोरलेले असतील, तर हत्यार सरकारने रीतसर विकलेले आहे. ‘गोऱ्या साहेबाने खूश होऊन दिले’ ही कहाणी अनेक घरांत ऐकू येते. मात्र नळीवर विक्रेत्याचे नाव कोरलेले असले, तर हत्यार दुकानातून विकत घेतलेले असण्याचा संभव अधिक. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे नाव असे पुष्कळदा आढळते. तिची शाखा मुंबईतही होती आणि काळा घोडा भागातली तिची इमारत आजही उभी आहे.

हत्यार मात्र पैसे मोजले म्हणजे मिळे असे नव्हे. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. परवाना हा राजनिष्ठेचा दाखला ठरला. म्हणून जुन्या घरांत रिव्हॉल्व्हरइतकाच त्याचा कागदही मानाने जपला गेला, आणि खंडेनवमी-दसऱ्याच्या शस्त्रपूजेत तलवारीशेजारी रिव्हॉल्व्हरही मांडले जाऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, तरी परवान्याची चौकट टिकली. लष्करी बोअरची हत्यारे सामान्य नागरिकाला सहसा मिळत नाहीत, त्यामुळे .३२ बोअर हा नागरी रिव्हॉल्व्हरचा रूढ बोअर झाला. कानपूरच्या सरकारी कारखान्यात आजही याच बोअरची रिव्हॉल्व्हर बनतात. १९८० च्या दशकात सामान्यांसाठी आयात बंद झाली, तेव्हा घरात आधीपासून असलेल्या विलायती हत्यारांचा भाव चढला. पणजोबांनी हौसेने घेतलेली वस्तू अशी एकाएकी मौल्यवान ठरली, आणि भाऊबंदकीलाही नवे कारण मिळाले.

दागिना किंवा जमीन वारशाने येते तसे रिव्हॉल्व्हर येत नाही. परवानाधारक वारला की ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला स्वतःच्या नावाचा परवाना मिळाला, तरच ते घरी परतते. २०१६ च्या शस्त्र नियमांत हयातीतच हस्तांतर करण्याची वाट आहे. धारकाचे वय ७० झाले किंवा हत्यार २५ वर्षे त्याच्याकडे राहिले, की तो वारस सुचवू शकतो; पण त्या वारसालाही परवान्याच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. शिवाय निवडणुका आल्या की अनेक घरांतली हत्यारे काही आठवडे ठाण्यात मुक्कामाला जातात.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली हत्यारेही याच हिशेबात धरली गेली. तिसरे असेल, तर ते वर्षभरात पोलिसांकडे किंवा विक्रेत्याकडे जमा करून पुढील ९० दिवसांत त्याचा परवाना संपवायचा, असे ठरले. शिकारीची दुनळी, शेतावरची बंदूक आणि आजोबांचे रिव्हॉल्व्हर अशी तिन्ही एकाच नावावर असलेल्या घरांना त्यांतले एक सोडावे लागले.