नानकटाईचं डच आजोळ

आमच्या नेरला दिवाळीत मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन बेकरीत जायचं आणि डबाभर नानकटाई भाजून आणायची. पण मंडळी, हिचं आजोळ सुरतेच्या डच वखारीत!

1824 च्या तहानं डचांनी भारतातला गाशा गुंडाळला. जाताना, असं सांगतात, त्यांनी भट्टी फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी कारागिराला दिली. ताडीनं आंबवलेला, अंडी घातलेला माल गावात खपेना. दोतीवालांनी दोन्ही वगळलं. उरलं पीठ, तूप, साखर. झाली नानकटाई!

पुढं पुड्यातल्या बिस्किटांनी तिला मागं सारलं. आता नाचणीची, गुळाची होऊन ती शहरात महागड्या डब्यांतून परतलीय. येऊ दे बापडी! पण घरचं सामान भाजून देणारी गावातली भट्टी विझली, तर परतलं ते नुसतं बिस्किट. बघा पटतंय का.