सभासदांची यादी नसलेली संघटना

मुंबई इलाख्यातील कारखान्यांविषयीच्या १८९२ सालच्या सरकारी अहवालात 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'बद्दल एक शेरा आहे. संघटित संस्था म्हणून तिला अस्तित्वच नाही, कारण तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियमावलीही नाही. अध्यक्ष म्हणवणारे नारायण मेघाजी लोखंडे हे दाराशी येणाऱ्या गिरणी कामगाराला आपखुशीने सल्ला देतात, इतकेच, असा त्याचा आशय. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा शेरा वारंवार उचलला आणि लोखंडे यांच्या कामाला संघटनेच्या जमाखर्चातून वगळले. शेऱ्यातली माहिती खोटी मानायचे कारण नाही. पण अधिकाऱ्याने तीन गोष्टी शोधल्या आणि चौथी विचारातच घेतली नाही. या संघटनेच्या हाती एक साप्ताहिक होते.

ते साप्ताहिक म्हणजे 'दीनबंधु'. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी ते पुण्यात सुरू केले. सत्यशोधक समाजाची बाजू मांडणारे हे पत्र पैशाअभावी टिकणे कठीण झाले, तेव्हा १८८०मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. १८४८ साली जन्मलेल्या लोखंडे यांनी आधी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली होती, आणि मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर होते. गिरणीतला पगार कधी हाती पडतो, दिवस किती तासांचा असतो, हे त्यांनी आतून पाहिले होते. गिरणी माहीत असलेला माणूस संपादक झाला, या एका गोष्टीने पुढची दहा वर्षे घडली.

या दहा वर्षांचा माग कागदांतून नीट लागतो. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा झाली, २६ तारखेला दुसरी झाली. त्यांतून निघालेले निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे गेले. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांची नावे होती. मागण्या पाच: आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय. या यादीत पगारवाढ नाही. वेळ, विसावा आणि इजा यांचाच हा हिशेब आहे. पंधरा तारखेची मागणी वाचली की त्या काळी पगार किती रखडत असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

संघटनेची स्थापना काही पुस्तकांत १८८४ची दिलेली असते, काहींत १८९०ची. दोन्हींना आधार आहे. १८८४मध्ये सभा आणि निवेदन झाले. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार पुन्हा जमले, दोन स्त्री कामगारही त्या सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी लेबर कमिशनवर मुंबईसाठी लोखंडे यांना घेतले गेले. पहिल्या साली मागणी उभी राहिली आणि दुसऱ्या साली ती पदरात पडली. मधली सहा वर्षे ती जिवंत कोणी ठेवली? वर्गणीची वही नव्हती, कचेरी नव्हती. दर आठवड्याला निघणारा अंक होता. म्हणून माझे म्हणणे असे, की या संघटनेचे दप्तर 'दीनबंधु'तच शोधायला हवे.

आणि अंक निघतो म्हणजे कोणीतरी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरे, जुळवतो. त्या काळच्या छापखान्यात जुळारी खिळ्यांच्या खणांच्या केसपुढे उभा राहून एकेक खिळा वेचून हातातल्या स्टिकमध्ये लावी. देवनागरीत नुसत्या मुळाक्षरांवर भागत नाही. काना, मात्रा, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, प्रत्येकाला वेगळा खण. अक्षरे उलटी वाचायची, प्रूफ काढायचे, चुकलेला खिळा चिमट्याने उपसून दुसरा बसवायचा, आणि छपाई झाली की शाई धुऊन सगळे खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे. हे काम फक्त साप्ताहिकापुरते नव्हते. हिंगोलीजवळचे नरसी हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते त्या नामदेवांच्या अभंगांची गाथा तुकाराम तात्या पडवळ यांनी १८९४मध्ये मुंबईतूनच छापून काढली. निजामाच्या राज्यातल्या नरसीच्या संताची वाणी आणि परळच्या कामगाराचे गाऱ्हाणे एकाच शहरातल्या जुळाऱ्यांच्या बोटांखालून गेले.

या जुळाऱ्यांना कायद्याने काय दिले? १८८१च्या फॅक्टरी कायद्यात कारखाना म्हणजे जिथे यांत्रिक शक्ती वापरली जाते आणि शंभर माणसे काम करतात ती जागा. १८९१च्या कायद्याने ही संख्या पन्नासवर आणली, आणि त्याच कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली. हाताने यंत्र फिरवणारा छोटा छापखाना या व्याख्येत बसतच नव्हता. सुट्टीच्या मागणीला अक्षररूप देणारा हा कामगारवर्ग त्या सुट्टीच्या कायद्याबाहेर राहिला. संघटनेचे पाहिले, तर लंडनच्या जुळाऱ्यांची सोसायटी १८४८पासून उभी होती. आपल्याकडे सरकारी छापखान्यातल्या संपानंतर कलकत्त्यात १९०५मध्ये प्रिंटर्स युनियन निघाली. मोठ्या सरकारी छापखान्यात शेकडो माणसे एका छपराखाली असत. दहा-बारा माणसांच्या छापखान्यात मालक शेजारीच उभा असे, तिथे संघटना करणे फार अवघड.

१९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीसाठी जे मागितले ते नियमावली, सभासदांची यादी आणि निधीचा हिशेब. १८९२च्या अहवालाने हीच फूटपट्टी लावली होती. आता ती कायद्याची झाली, आणि सात माणसांनाही संघ नोंदवता येऊ लागला. छापखान्यातल्या माणसाचे काम नावानिशी आले ते १९४८च्या फॅक्टरी कायद्यात. तिथल्या 'उत्पादन प्रक्रिये'च्या व्याख्येत छपाई आणि पुस्तकबांधणी यांचा स्पष्ट उल्लेख होता. यांत्रिक शक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगार पुरेसे ठरले. साप्ताहिक सुट्टी आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आता अशा छोट्या छापखान्यालाही लागू झाली. सुपारीबागेतल्या सभेला तोवर ६४ वर्षे झाली होती.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईच्या प्लेगमध्ये गेले. त्यांच्या संघटनेला 'कागदोपत्री नव्हती' म्हणून बाजूला सारणे हा कागदांवरच अन्याय आहे, कारण तिने मागे ठेवला तो कागदच: निवेदने, सभांचे वृत्तान्त, साप्ताहिकाचे अंक. जुन्या छापखान्यांची हजेरीपत्रके, पगाराच्या वह्या, संघांच्या पावत्या रद्दीत जाण्याआधी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ग्रंथालयांनी मागून घ्यायला हव्यात. मराठी छपाईचा इतिहास आपण मालकांच्या आणि संपादकांच्या नावांनी लिहिला. मजुरीच्या वह्या हाती आल्या, तर तो जुळाऱ्यांच्या नावांनीही लिहिता येईल.