दरियापूर वॉर्डाचे सभासद

सरदार वल्लभभाई पटेल हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर बारडोली येते, संस्थानांचे विलीनीकरण येते, हैदराबादची पोलीस कारवाई येते. त्याच्या आधी या माणसाने अहमदाबाद शहराची गटारे, पाण्याचे नळ आणि रस्त्यावरचा केर यांच्यापायी उमेदीची कित्येक वर्षे घालविली, ही हकीकत बहुतेक चरित्रांतून एका प्रकरणात उरकली जाते. आज आम्ही त्या एका प्रकरणापुरतेच बोलणार आहो. कारण निवडून आलेल्या माणसाने गावाच्या आरोग्यासाठी काय करावे, हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्याशी आलेला असतो. आणि या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

अहमदाबाद आपल्याला परके नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा वाटणीचा अंमल होता, तो १८१७-१८ च्या सुमारास संपला आणि इंग्रज आले. तेव्हा शहराभोवतीचा पंधराव्या शतकातला तट ठिकठिकाणी ढासळला होता. तो दुरुस्त करण्यासाठी १८३० नंतरच्या दशकात एक फंड उभारण्यात आला, आणि गावात येणाऱ्या तुपासारख्या जिनसांवर पट्टी बसविण्यात आली. त्या फंडाची व्यवस्था पाहणारी कमिटी हेच अहमदाबादच्या म्युनिसिपालिटीचे मूळ. म्हणजे त्या नगरसंस्थेचा जन्मच मुळी भिंत राखण्यासाठी झाला. ही भिंत श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

भिंतीच्या आतले शहर कसे होते? अहमदाबादच्या वस्तीचा घटक म्हणजे ‘पोळ’. एकच दरवाजा असलेली अरुंद गल्ली, तिच्यात एका जातीची किंवा एका धंद्याची घरे, रात्री दरवाजा बंद. दंगाधोप्याच्या काळात ही रचना मोठी सोयीची होती. पण वारा आणि ऊन यांनाही तो दरवाजा बहुधा बंदच असे. सांडपाणी आणि मैला जिरविण्यासाठी खड्डे, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर विहिरी. त्या विहिरींचे पाणी बहुतेक मचूळ. ज्यांना परवडे त्यांनी घराखाली टाकी बांधून पावसाचे पाणी साठवावे, बाकीच्यांनी नदीवरून आणावे किंवा मचूळ पाणी प्यावे, असा शेकडो वर्षांचा रिवाज होता. त्यात १८६१ साली रणछोडलाल छोटालाल यांनी पहिली कापडगिरणी सुरू केली, पाठोपाठ दुसऱ्या निघाल्या आणि खेड्यापाड्यांतून माणसांचा लोंढा येऊ लागला. १९२१ पर्यंत वस्ती पावणेतीन लाखांच्या घरात गेली होती.

या रणछोडलालांचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. हे नागर गृहस्थ गिरणीमालक तर होतेच, पण १८८५ च्या सुमारास म्युनिसिपालिटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि त्यांनी नळाचे पाणी व जमिनीखालची गटारे या दोन गोष्टींचा ध्यास घेतला. साबरमतीच्या काठी दुधेश्वर येथे पाण्याचा कारखाना उभा राहिला आणि १८९१ च्या सुमारास नळाचे पाणी शहरात आले. हे सारे त्यांनी कोणाच्या बळावर केले? सरकारच्या पाठिंब्यावर. करदात्यांचा मोठा भाग त्यांच्या विरुद्ध होता. नळाच्या पाण्याने धर्म बुडेल, गटारांतून विषारी हवा घरात येईल, आणि मुख्य म्हणजे पट्टी वाढेल! लोकनियुक्त सभासदांपैकी पुष्कळांनी तीच री ओढली. आम्हांला ही गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते, कारण ‘लोकांच्या हाती कारभार आला की गाव आपोआप स्वच्छ होतो’ हे विधान इतिहासाला धरून नाही. कित्येक ठिकाणी मतदारांनीच आरोग्याला मत दिलेले नाही.

मग सरकारच्या हाती सारे सोपवावे काय? याचे उत्तर पुण्याने १८९७ साली फार मोठी किंमत मोजून दिले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तो पुण्यात शिरला, आणि सरकारने रँडसाहेबांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली. गोऱ्या सोल्जरांनी घरे तपासली, सामान रस्त्यावर काढले, माजघरे आणि देवघरे धुंडाळली, रोग्यांना एकीकडे आणि त्यांच्या माणसांना दुसरीकडे नेले. रोग्याला वेगळे ठेवावे हे वैद्यकशास्त्राला धरूनच होते. पण ज्या रीतीने ते केले गेले तिचा परिणाम असा झाला की, लोक आजारी माणूस लपवू लागले, आणि रोग लपला म्हणजे पसरतो. २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले ते येथे सांगावयास नको. त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च रोजी गेल्या, आणि टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल काढले. लोकांचा विश्वास ज्यांच्यावर होता त्यांच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांच्यावर लोकांचा काडीइतका विश्वास नव्हता.

या दोन अनुभवांच्या पार्श्वभूमीवर १९१७ सालचे अहमदाबाद पाहावे. वल्लभभाई १९१३ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले होते. फौजदारी वकिली जोरात होती, संध्याकाळी गुजरात क्लबात ब्रिजचा डाव रंगत असे, आणि सार्वजनिक कामाची त्यांना फारशी आवड होती असे त्या काळच्या कोणाला वाटले नसेल. मधल्या काळात सरकारने मोठ्या शहरांच्या म्युनिसिपालिट्यांवर सिव्हिलियन कमिशनर नेमण्याची तरतूद केली होती, आणि अहमदाबादेस शिलिडी नावाचे कमिशनर आले. ते सभासदांना जुमानीत नसत. तेव्हा यांच्याशी दोन हात करू शकेल असा माणूस सभागृहात पाहिजे, म्हणून स्नेह्यांनी वल्लभभाईंना उभे केले. जानेवारी १९१७ मध्ये दरियापूर वॉर्डातून ते निवडून आले, आणि तेही अवघ्या एका मताने! ती निवडणूक तांत्रिक कारणावरून रद्द झाली, पण मे महिन्यात ते पुन्हा निवडून आले. मताचा अधिकार तेव्हा मूठभर करदात्यांनाच होता, हेही विसरता कामा नये.

शिलिडीसाहेबांविरुद्ध त्यांनी कागदपत्रांचा असा पाठपुरावा केला की, शेवटी सरकारला साहेबांना तेथून हलवावे लागले. हा भाग चरित्रकारांना फार आवडतो. आमच्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, भांडायला आलेला हा बॅरिस्टर आरोग्य-समितीचा अध्यक्ष झाला. वकिलाला शोभेलशी ही जागा नव्हे. तिच्यात केराच्या गाड्या, झाडूवाल्यांची हजेरी आणि तुंबलेले नाले येतात.

आणि त्याच साली प्लेग आला. साथ किती जबर होती याची कल्पना दोन गोष्टींवरून येईल. गांधीजींचा आश्रम तेव्हा कोचरब येथे होता. त्या गावात प्लेग शिरल्यामुळे आश्रम साबरमतीच्या काठी हलविण्यात आला. दुसरी गोष्ट गिरण्यांची. मजूर शहर सोडून पळू लागले, तेव्हा त्यांना थोपवून धरण्यासाठी मालकांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला आणि तो काही विणकरांच्या बाबतीत पगाराच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत गेला. साथ ओसरल्यावर तो बंद होऊ लागला, त्यातून १९१८ चा प्रसिद्ध गिरणीसंप उभा राहिला. ज्या शहरात माणसाने नुसते राहावे म्हणून त्याला जवळजवळ दुप्पट पगार द्यावा लागे, त्या शहरात शाळा आणि कोर्टे बंद पडली होती, आणि ज्यांना जाणे शक्य होते ते गेले होते.

वल्लभभाई गेले नाहीत. त्या दिवसांची आठवण गणेश वासुदेव मावळणकर यांनी सांगून ठेविली आहे. हे मावळणकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, अहमदाबादेस स्थायिक झालेले. पुढे ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे वल्लभभाई रोज गल्लोगल्ली फिरत, गटारे आपल्या देखत साफ करून घेत, रोगट जागी जंतुनाशक औषधे टाकवीत. कोणी स्नेही जिवाला जपण्याविषयी बोललाच, तर त्याच्याकडे नुसते पाहत. त्या पाहण्यात उत्तर असे.

प्लेग म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. विलायतेस जाण्यापूर्वी गोध्र्यास वकिली करीत असताना तेथे प्लेग झाला होता. एका मित्राच्या घरच्या आजारपणात शुश्रूषा करताना त्यांना स्वतःला गाठ आली होती, आणि पत्नीला दूर पाठवून ते एकटे राहिले व बरे झाले होते.

येथे कोणी चिकित्सक श्रोता विचारील की, गटारे साफ करून प्लेग जातो काय? उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवितात हे मुंबईत झालेल्या संशोधनाने १९०५ नंतरच्या काही वर्षांतच सिद्ध झाले होते, आणि हाफकिन यांची लस तर १८९७ पासून उपलब्ध होती. शंका रास्त आहे. झाडलोटीने एकट्याने साथ आटोक्यात आली असा दावा आम्ही करणार नाही. पण साथीत म्युनिसिपालिटीचे काम कोठे मोडते ते पाहा. वरिष्ठ पळाला की मुकादम घरी बसतो, मुकादम बसला की झाडूवाला येत नाही, आणि मग केराचे ढीग, सांडलेले धान्य, मेलेले उंदीर, सारे जागच्या जागी राहते. समितीचा अध्यक्ष पोळीच्या तोंडाशी उभा असला म्हणजे निदान ही साखळी तुटत नाही. शिवाय तो त्याच गावचा, ओळखीचा, उद्या पुन्हा मत मागावयास येणारा. त्याने दार ठोठावले तर ते उघडते. पुण्याच्या सोल्जरांना ते बंदुकीच्या दस्त्याने उघडावे लागले होते.

पुढल्या काही वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. असहकाराच्या लाटेत म्युनिसिपालिटीने आपल्या शाळांवरचे सरकारी नियंत्रण झुगारले, आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये सरकारने लोकनियुक्त सभा बाजूला सारून कारभार नेमलेल्या कमिटीकडे दिला. १९२४ साली निवडणुका झाल्या, वल्लभभाईंचा पक्ष निवडून आला आणि ते अध्यक्ष झाले. त्यांनी व डॉक्टर हरिप्रसाद देसाई यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी शहरसफाईची मोहीम काढली. स्वयंसेवक झाडू आणि गाड्या घेऊन निघाले, आणि आरंभ केला तो ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत त्यांच्या वस्तीपासून. गाव झाडणाऱ्यांची स्वतःची आळी कोणीच झाडीत नसे, हे आपल्याकडच्या कोणत्याही गावाला लागू होते. पाण्याचा पुरवठा आणि गटारे यांचा विस्तार, तटाबाहेरच्या नव्या वस्त्यांची आखणी ही कामेही या काळात पुढे सरकली. त्यांना पट्टी लागत होतीच, आणि पट्टीची कुरकुर रणछोडलालांच्या वेळेइतकीच होती. पण आता कुरकुर करणाऱ्याला ‘ही सरकारची लादणूक’ असे म्हणता येत नव्हते.

१९२७ च्या जुलै अखेरीस गुजरातवर जे अस्मान कोसळले ते अजूनही तिकडच्या घराण्यांतून सांगितले जाते. अहमदाबादेस वर्षाकाठी तीस-एक इंच पाऊस पडावयाचा, तेथे आठवड्याच्या आत पन्नास इंचांच्या आसपास पडला. घरे मातीच्या ढेकळांसारखी बसू लागली. त्या मुसळधार पावसात मध्यरात्री अध्यक्ष घराबाहेर पडले, पायी शहरातून फिरले, म्युनिसिपालिटीच्या इंजिनियराला बिछान्यातून उठविले, आणि जेथे जेथे पाणी तुंबले होते तेथे मोऱ्या मोकळ्या करवून त्याला वाट करून दिली. ती रात्र उजाडण्याची वाट पाहिली असती तर सखल भागातली आणखी किती घरे बसली असती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. शहराची व्यवस्था लागताच ते खेड्यांकडे वळले. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी धान्य, बियाणे, कपडे पोहोचविले, आणि ज्या सरकारशी वल्लभभाईंचा उभा दावा होता त्या सरकारकडूनही सुमारे एक कोटी रुपयांची मदत गुजरातला मिळाली.

१९२८ च्या फेब्रुवारीत बारडोलीचा सत्याग्रह सुरू झाला. म्युनिसिपालिटीत तोवर तट पडू लागले होते. एका नेमणुकीवरून सभासदांत बेबनाव झाला, आणि एप्रिल १९२८ मध्ये वल्लभभाईंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. अकरा वर्षांचे काम असे काहीशा कडवटपणे संपले. पुढे काही वर्षे त्याच खुर्चीवर मावळणकर बसले.

आता त्या भिंतीविषयी. जिच्या दुरुस्तीसाठी ही नगरसंस्था जन्माला आली, तो तट वल्लभभाईंच्या कारकिर्दीत पाडावयास घेतला. आत कोंडलेल्या वस्तीला वारा मिळावा आणि शहराला बाहेर पसरता यावे, हा हेतू. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा वेळी वाईट वाटते, आणि आम्हांलाही वाटले; पण ज्या पोळीत मूल जुलाबाने जाते तेथल्या आईला पंधराव्या शतकाचे प्रेम सांगण्यात अर्थ नाही. तट गेला तरी पुष्कळसे दरवाजे राखण्यात आले. दरियापूरचा दरवाजा त्यांपैकीच एक आहे. दोन्ही बाजूंची भिंत नाहीशी झाली असून तो रहदारीच्या मधोमध अजून उभा आहे.