रक्तक्षय, लोह आणि 'ड' जीवनसत्त्व : आपल्या माता-भगिनींसाठी माहिती

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. २०१५-१६ मध्ये हेच प्रमाण ४८ टक्के होते. म्हणून हा प्रश्न आम्ही केवळ दवाखान्याचा मानत नाही, तो चळवळीचाही आहे.

रक्तक्षय कधी म्हणायचा?
गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली गेले, तर रक्तक्षय समजतात. दम लागणे, चक्कर येणे, थकवा ही लक्षणे बायका 'कामाचा शीण' म्हणून अंगावर काढतात. मासिक पाळीतील रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, जंत आणि घरात सर्वांत शेवटी, उरलेले जेवणे ही लोह कमी होण्याची मुख्य कारणे.

'ड' जीवनसत्त्वाचा संबंध काय?
यकृतात हेपसिडिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते वाढले की आतड्यातून रक्तात जाणारे लोह अडते. 'ड' जीवनसत्त्व हेपसिडिन कमी करते, असे संशोधनात दिसले आहे. रक्तक्षय असलेल्या अनेक स्त्रियांत 'ड' सुद्धा कमी आढळते. मात्र 'ड' दिल्याने हिमोग्लोबिन हमखास वाढते, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून लोहाच्या गोळीऐवजी 'ड' घेऊ नये. ६०,००० युनिटची पुडी मनाने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून अपाय होतो.

विदर्भातील भगिनींनी विशेष लक्ष द्यावे
विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलमधील रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळेच असतो असे नाही. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू ठेवणे अशा रुग्णाला घातक ठरू शकते. लग्न ठरवण्यापूर्वी मुलगा-मुलगी दोघांचीही सिकलसेल तपासणी करावी.

काय करावे?
– 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक अॅसिडची गोळी मोफत मिळते. आशाताईंकडे मागावी.
– गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. लिंबू-आवळ्याने लोह चांगले शोषले जाते. शौचाला काळे होते म्हणून गोळी सोडू नये.
– मोड आलेली मटकी, अळीव, पालेभाजी, सुकट, कलेजी, अंडी आहारात असावीत.
– दुपारच्या सुमारास हात-चेहऱ्यावर थोडा वेळ थेट ऊन घ्यावे.

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित असल्याचे मांडले. सिद्धार्थानेही उपाशी देहाने ज्ञान मिळत नाही हे ओळखून सुजाताची खीर स्वीकारली. मग आपल्या घरातील सुजाता उपाशी का?

आमचे आवाहन साधे आहे. येत्या पौर्णिमेला आपल्या विहारात आरोग्यसेविकेला बोलवा, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणी ठेवा. आणि त्या रात्री घरात सर्वांनी एकत्र बसून जेवा.