ओठांवरचा बाजा आणि हाताखालची पेटी

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीला पोचते, तेव्हा तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्या वेळी कानांवर येतात ते टाळ, मृदंग आणि वीणा. पेटी भेटते ती बैठकीत, देवळातल्या भजनात. गावोगावच्या भजनात ती इतकी मुरली आहे, की ती युरोपातून आली हे मुद्दाम सांगावे लागते. तिचेच धाकटे भावंड म्हणजे माउथ ऑर्गन. तो मात्र जत्रेतल्या खेळण्यांच्या पालापासून फारसा वर चढला नाही. एका कुळातल्या दोन वाद्यांच्या वाट्याला असे वेगळे नशीब का आले, हा या लेखाचा विषय आहे.

दोन्ही वाद्यांचा प्राण एकच. एका टोकाला पक्की बसवलेली धातूची पातळ पट्टी हवेच्या झोताने थरथरते आणि सूर निघतो. चीनमधील शेंग हे या तत्त्वावरचे फार जुने वाद्य. युरोपात एकोणिसाव्या शतकात या तत्त्वावर अनेक वाद्ये घडली. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. जर्मनीतील ट्रॉसिंगेन येथे मत्थियास होनर यांनी 1857 मध्ये माउथ ऑर्गनचा कारखाना काढला आणि हे खिशातले वाद्य जगभर गेले. हार्मोनियम आपल्याकडे आली ती पायाने भाता मारण्याच्या रूपात. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून वाजवता येईल अशी, हाताने भाता मारायची पेटी घडवली. बैठकीच्या देशात ती लगेच रुजली.

महाराष्ट्रात तिला घर मिळाले ते संगीत रंगभूमीमुळे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 मध्ये रंगमंचावर आले, आणि पुढच्या काही दशकांत पेटी व ऑर्गन हे नाटकाच्या साथीचे मुख्य अंग बनले. गोविंदराव टेंबे हे पेटीवादक म्हणून नावाजले आणि 1911 च्या ‘मानापमान’चे संगीतकारही झाले. पेटीवाला केवळ साथीदार नव्हे, तर चाली बांधणारा कलावंत असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

पण याच काळात पेटीवर आक्षेपही घेतले जात होते. तिचे सप्तकातले बारा सूर ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला काढता येत नाही आणि श्रुतींचे बारकावे दाखवता येत नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी श्रुती-हार्मोनियम घडवून यावर उत्तर शोधले. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण भातखंडे प्रभृतींना तो प्रयत्न पटला नाही.

नभोवाणीने हा वाद हुकुमाने निकालात काढला. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फाउल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिले होते. रवींद्रनाथ टागोरांचाही तिला विरोध होता. मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली. स्वातंत्र्यानंतरही ही बंदी उठली नाही. 1952 ते 1962 या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले. म्हणजे पेटीला घर देणाऱ्या मुलखातलाच माणूस बंदीच्या बाजूने उभा होता. त्यांनी चित्रपटगीतांनाही रेडिओवरून मागे सारले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. पेटीची बंदी 1971 मध्ये सैल झाली, तीही साथीपुरती आणि ठरावीक श्रेणीच्या कलाकारांसाठी.

माउथ ऑर्गनवर अशी बंदी कोणी घातली नाही, कारण त्याला कोणी बैठकीत बोलावलेच नव्हते. तो आला चित्रपटगीतांच्या दाराने. 1958 च्या ‘सोलवा साल’मध्ये राहुल देव बर्मन यांनी तो वाजवला. 1964 च्या ‘दोस्ती’त तर अपंग नायकाच्या हाती तेच वाद्य होते. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल यांच्या या संगीतात माउथ ऑर्गन वाजवला तोही बर्मन यांनीच. 1975 च्या ‘शोले’त भानू गुप्तांचे वादन घराघरांत पोचले. मग गावातल्या मुलांनाही वाटू लागले, की हे वाद्य आपल्याला परवडेल आणि गुरूशिवाय थोडेफार जमेल.

यात एक विसंगती आहे. पेटीला जी मींड येत नाही म्हणून तिला शिक्षा झाली, ती दहा भोकांच्या साध्या माउथ ऑर्गनवर निघू शकते. त्याच्या प्रत्येक भोकात दोन पट्ट्या असतात, एक फुंकरीची आणि एक श्वास ओढण्याची. जीभ आणि गळा यांचा आकार बदलून वाजवणारा या दोघींना एकमेकींवर परिणाम करायला लावतो आणि सूर खाली वाकतो. आपल्या बाजारात मात्र जास्त खपला तो ट्रेमोलो. त्यात प्रत्येक सुराला किंचित फरकाने लावलेल्या दोन पट्ट्या असतात, म्हणून आवाज थरथरता आणि गोड येतो. पण फुंकरीच्या आणि ओढीच्या पट्ट्या वेगवेगळ्या खणांत असल्याने सूर तसा वाकत नाही. क्रोमॅटिकमध्ये बाजूचा खटका दाबून कोमल-तीव्र सूर मिळतात, पण तो महाग आणि नाजूक. म्हणून घेणाऱ्याने आधी ठरवावे: चित्रपटगीताची गोडी हवी की रागाची वळणे. शिकाऊ माणसाला सी पट्टीचा बाजा सोयीचा.

जपणूक सोपी आहे. वाजवण्याआधी चूळ भरावी, नंतर भोके खाली करून तळहातावर हलके झटकावे आणि वाद्य कोरडे करूनच डबीत ठेवावे. जोरात फुंकले की पट्टी थकते आणि सूर उतरतो. तो पुन्हा लावायची रीत दोन्ही वाद्यांत एकच. पट्टीचे मोकळे टोक किंचित घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. पेटी दुरुस्त करणारा कारागीर जे करतो तेच इथे, फक्त अधिक बारीक हाताने.

दोन्ही वाद्ये एकाच कानसेने लागतात. त्यांच्यातला उच्चनीच भाव पट्टीतून आलेला नाही, तो ऐकणाऱ्यांनी ठरवला. पेटीला हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे संगीताच्या दृष्टीने खोटे नव्हते. पण त्या म्हणण्याचा हुकूम झाला, तेव्हा तीस वर्षे रेडिओवरील गायकांना ती साथ मिळाली नाही. देवळातले भजन मात्र त्या तीस वर्षांतही पेटीवरच चालू राहिले.