लेखी वचन नाकारणारे मंत्रिमंडळ

सत्तेपुढे सद्सद्विवेकबुद्धी टिकत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. इंग्लंडच्या इतिहासातील एक अल्पायुषी मंत्रिमंडळ मात्र या विधानाचा फेरविचार करावयास लावते.

२३ जानेवारी १८०६ रोजी पंतप्रधान धाकटे विल्यम पिट निधन पावले. नेपोलियनशी युद्ध चालू होते. अशा वेळी लॉर्ड ग्रेनव्हिल यांनी निरनिराळ्या गटांतील कर्त्या पुरुषांना एकत्र आणले. ‘सर्व गुणवंतांचे मंत्रिमंडळ’ या अर्थाच्या नावाने ते ओळखले गेले. परराष्ट्र खाते चार्ल्स जेम्स फॉक्स यांना मिळाले. राजे तिसरे जॉर्ज यांनी त्यांना वर्षानुवर्षे सत्तेबाहेर ठेवले होते. नौदल चार्ल्स ग्रे यांच्याकडे, तर युद्धखाते विल्यम विंडहॅम यांच्याकडे आले. माजी पंतप्रधान लॉर्ड सिडमथ हेही त्यात होते. सरन्यायाधीश एलनबरो यांना मंत्रिमंडळात घेतल्याबद्दल टीकाही झाली.

कॅथलिक मात्र त्यात एकही नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. संसदेत बसण्यापूर्वी पवित्र मिस्साबलीला मूर्तिपूजा ठरविणारी घोषणा करावी लागे. ती कोणता श्रद्धावंत कॅथलिक करील?

सप्टेंबर १८०६ मध्ये फॉक्स वारले व ग्रे परराष्ट्रमंत्री झाले. १७९३ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये कॅथलिकांना कर्नलपदापर्यंत सैन्याधिकारी होता येत असे. परंतु पलटण समुद्र ओलांडून इंग्लंडात आली की त्याच अधिकाऱ्याला कायद्याचा आधार उरत नसे. ही विसंगती दूर करून भूदल व नौदलातील सर्व पदे खुली करणारे विधेयक १८०७ च्या मार्चमध्ये ग्रे यांनी मांडले. सिडमथ यांनी विरोध केला. प्रॉटेस्टंट धर्मरक्षणाच्या राज्याभिषेकशपथेचा हा भंग होईल, अशी राजाची धारणा होती.

मंत्र्यांनी विधेयक मागे घेतले. राजाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. हा विषय पुन्हा कधीही काढणार नाही, असे लेखी वचन त्याने मागितले. ते त्यांनी नाकारले आणि सत्ता गमावली. मात्र जाता जाता, २५ मार्च १८०७ रोजी, गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या त्यांच्या कायद्याला राजाची संमती मिळाली. त्यानंतरच्या निवडणुकीत ‘पोपशाही नको’ अशा आरोळ्या उठल्या. कॅथलिकांना संसदेचे दार उघडण्यास १८२९ साल उजाडावे लागले.

हे मंत्री संत नव्हते. विधेयक त्यांनी सोडलेच. परंतु आज माघार घेणे वेगळे आणि उद्याही बोलणार नाही असे लिहून देणे वेगळे, हा भेद त्यांनी ओळखला. ज्यांच्यासाठी त्यांनी खुर्ची सोडली, ते त्यांच्या धर्ममताचे नव्हते. अल्पसंख्य म्हणून न्याय मागताना आपण हे विसरू नये, असे आम्हांस वाटते. जो अन्याय आपल्याला झळ लावीत नाही, त्याविषयी मौन राखण्याचे वचन आपणही कोणाला देता कामा नये.